दुष्काळाचा चकवा

रहस्यकादंबरी रंजनवादी, म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेरची, ही मराठी समीक्षेतील जुनी भूमिका होय. तिच्या शेजारी एक उदार भूमिकाही आढळते: रहस्य बाजूला सारावे आणि उरणारे समाजचित्रण तेवढे विचारात घ्यावे. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही भूमिका एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. रहस्याची रचना स्वतः कोणताही अर्थ निर्माण करीत नाही, हे ते गृहीतक. जेन हार्पर या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘द ड्राय’ (२०१६) ही कादंबरी त्याचे खंडन करते.

व्हिक्टोरिया राज्यातील दुष्काळाने होरपळलेल्या किवारा या काल्पनिक गावात ल्यूक हॅडलर, त्याची पत्नी आणि मुलगा मृतावस्थेत सापडतात. नापिकीने खचलेल्या शेतकऱ्याने कुटुंबाला मारून स्वतःला संपवले, असा गावाचा निष्कर्ष. त्याचा बालमित्र, पोलीस अधिकारी अ‍ॅरन फॉक, अंत्यविधीसाठी वीस वर्षांनी गावी परततो आणि शोध घेऊ लागतो. निष्पन्न होते ते वेगळेच. जुगाराच्या कर्जापायी शाळेचे अनुदान हडपणाऱ्या मुख्याध्यापकाने हे खून केलेले असतात. ल्यूकच्या पत्नीने ‘ग्रँट’ हा शब्द टिपून ठेवला होता. इंग्रजीत तो अनुदानाचा वाचक आहे, तसेच व्यक्तिनामही. तपास करणारे तो त्या नावाच्या गावगुंडाला लावतात.

दुष्काळ हाच या कादंबरीचा आशय, असे म्हणणारा समीक्षक नेमकी गावाचीच चूक करतो. येथील दुष्काळ खरा आहे, त्यातील होरपळही खरी आहे. परंतु खऱ्या दुःखाचे तयार स्पष्टीकरण झाले, की त्याच्या आड कोणताही गुन्हा लपू शकतो. मुख्याध्यापकाने रचलेला देखावा पटतो, तो लोकांच्या सहानुभूतीमुळेच. हे विधान निवेदक कोठेही उच्चारीत नाही. ते रहस्याच्या रचनेतून सिद्ध होते. रहस्य वगळले तर ते उरतच नाही.

डब्ल्यू. एच. ऑडेन यांच्या ‘द गिल्टी व्हिकारेज’ (१९४८) या निबंधाचा दाखलाही येथे अपुरा पडतो. त्यांच्या मते रहस्यकथा समाजाला हरवलेली निष्पापता परत मिळवून देते, आणि शोधक त्या अपराधापासून अलिप्त असतो. फॉक अलिप्त नाही. एली डीकन या मुलीच्या मृत्यूच्या वेळी आपण एकत्र होतो, अशी खोटी ग्वाही त्याने व ल्यूकने पूर्वी दिली होती. एलीचा खुनी तिचा बापच. त्यानेच संशय फॉक पितापुत्रांकडे वळवून त्यांना गाव सोडायला लावले होते. शोधक हा तपासाचा कर्ता आहे, तसा जुन्या असत्याचा भागीदारही आहे. सत्य त्याला सापडते. पण परत मिळावी अशी निष्पापता या गावात कधी नव्हतीच.

दुष्काळ आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या ज्या भाषेतील साहित्याने सातत्याने हाताळल्या, तिच्या समीक्षेला हा प्रश्न झोंबायला हवा. विषयाच्या गांभीर्यावरून कलाकृतीचे गांभीर्य मोजणे म्हणजे करुणेच्या नावाखाली वाचन टाळणे होय. रहस्यकादंबरीवर रंजनाचा ठपका ठेवण्यापूर्वी समीक्षेने या सोयीस्कर वाचनाचा हिशेब द्यावा.