घरी यांचं कोण करणार?

दवाखान्यात पेशंट भरती करताना केसपेपरवर एका नातेवाइकाचं नाव लिहून घेतात. सही त्याची, मोबाईल नंबर त्याचा, पैसे भरायला बोलावणंही त्यालाच. बहुतेक वेळा तो मुलगा असतो, नाहीतर जावई किंवा पुतण्या. घरी गेल्यावर पेशंटला कुशीवर वळवणारी, नळीतून पेज देणारी, लघवीची पिशवी ओतणारी बाई त्या कागदावर कुठेच नसते. सुट्टीच्या दिवशी जे काही सांगायचं ते या सही करणाऱ्या माणसाला सांगितलं जातं. चुकीच्या माणसाला सांगितलं जातं, असं मी स्पष्टच म्हणेन.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. जत, कवठेमहांकाळ, तासगावपासून कर्नाटकातल्या अथणी, रायबागपर्यंतचे पेशंट इथे येतात. त्यांच्यापैकी काहींच्या घरी जाऊन मी व्यायाम करून घेते. कुणाला लकवा मारलेला, कुणाचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, कुणाच्या मणक्याला मार लागलेला. पेशंट घरी येणं आणि मी तिथे पोचणं यात कधी आठवडा जातो, कधी महिना. त्या मधल्या दिवसांत जे बिघडतं ते सुधारण्यात पुढचे कितीतरी आठवडे जातात, आणि त्यातलं बरंचसं बिघडायचं काही कारणच नसतं.

सुट्टीचा दिवस कसा जातो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर 'आज सोडू या' म्हणतात आणि पळापळ सुरू होते. बिल, योजनेचे कागद नाहीतर विमा कंपनीची मंजुरी, उरलेली औषधं मेडिकलला परत, समरीचं टायपिंग. फाईल हातात पडेपर्यंत दुपार उलटते. सिस्टरची ड्युटी बदललेली असते. नवी सिस्टर काउंटरपाशी मुलाला गाठून भराभर सांगते : ही गोळी सकाळ-संध्याकाळ, ही उपाशीपोटी, दर दोन तासांनी कूस बदला, आठ दिवसांनी दाखवायला आणा. मुलगा मान हलवतो. त्याचा जीव खाली थांबलेल्या भाड्याच्या गाडीत अडकलेला असतो. त्याची आई किंवा बायको पिशव्या राखत कॉटशेजारी बसलेली असते, नाहीतर घर आवरायला पुढे गेलेली असते.

तासगाव तालुक्यातल्या एका घरी मी गेले तेव्हा सासऱ्यांना लकवा मारून तीन आठवडे झाले होते. उजवी बाजू गेलेली, नाकातून नळी. करणारी एकटी सून. ती त्यांना उठवून बसवायची ते लुळा पडलेला उजवा हात धरून, ओढून. आपण कुणालाही उठवताना हात देतो, तसाच. पण खांद्याचा सांधा मुख्यतः भोवतीच्या स्नायूंनी आणि पडद्यांनी धरून ठेवलेला असतो. स्नायू सैल पडले की हाताच्या नुसत्या वजनानेही तो खाली सरकू लागतो, आणि ओढलं तर दुखापत ठरलेलीच. त्यांचा खांदा इतका दुखत होता की हाताला स्पर्श केला तरी ते ओरडत. व्यायामाला हात लावू देईनात. उठवताना आधार खवाट्यामागून आणि कमरेला द्यायचा, बसवल्यावर हाताखाली उशी ठेवायची, एवढंच तिला कुणीतरी करून दाखवायला हवं होतं. वॉर्डात सगळ्या रात्री तिनेच काढल्या होत्या. दाखवायला वेळ भरपूर होता आणि शिकणारी तिथेच बसलेली होती.

नळीचंही तसंच. नळीतून देताना डोक्याकडची बाजू चांगली उंच हवी आणि दिल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवायला हवी, नाहीतर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्यातून न्यूमोनिया होतो आणि पेशंट पुन्हा आयसीयूत जातो. दवाखान्यातल्या कॉटला दांडा असतो, फिरवला की पाठ वर येते. या घरात अंथरूण जमिनीवर होतं. जेवल्यावर माणसाला जरा पडू द्यावं या मायेने ती त्यांना लगेच आडवं करत होती. समरीत 'आर. टी. फीड्स' असं लिहिलेलं होतं. वर काय द्यायचं आणि किती तेही लिहिलं होतं. कॉट आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं.

माझा आग्रह इथे आहे. नातेवाइकाला सूचना देणं आणि त्याला सोबत घेऊन सुट्टीची आखणी करणं यात मोठं अंतर आहे. आखणी करायची तर दवाखान्याने आधी विचारावं लागतं. घरी यांचं कोण करणार? ती व्यक्ती दिवसभर घरी असते का? तिची स्वतःची तब्येत कशी आहे? संडास घरात की बाहेर, बसायचा कुठला, उंबरा किती उंच? मी वॉर्डात पेशंट बघायला जाते तेव्हा घरच्यांना संडासाचा, पायऱ्यांचा आणि पेशंट जिथे झोपणार त्या खोलीचा फोटो मोबाईलवर मागवायला सांगते. तो फोटो बघून किती गोष्टी बदलतात! खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना वॉकर दिलेला असतो आणि फोटोत अंगणापलीकडच्या संडासाला तीन पायऱ्या दिसतात. मग वॉकरच्या आधी कमोडच्या खुर्चीची सोय लावावी लागते. ती भाड्याने मिळते, जुनीही मिळते, पण हे ठरायला हवं सुट्टीच्या आधी. आजी रात्री अंधारात पडल्यावर ठरवून काय उपयोग?

औषधांच्या वेळा घ्या. आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात बायका सकाळी छाटणीला, विरळणीला जातात त्या दुपारीच परततात. त्या घरात दुपारी बाराची गोळी कोण देणार? हे आधी कळलं तर डॉक्टरांना बऱ्याचदा वेळ बदलता येते, कधी दोन वेळांच्या गोळीऐवजी एका वेळेची लिहिता येते. विचारलंच नाही तर दुपारची गोळी राहते. मग पुढच्या तपासणीला बीपी वाढलेलं दिसतं आणि 'औषधं नीट देत नाही' म्हणून त्या बाईलाच ऐकून घ्यावं लागतं. सीमेपलीकडून आलेल्या पेशंटांचं आणखी अवघड. समरी इंग्रजीत, सांगणारी मराठीत आणि करणाऱ्या आजींना येते फक्त कानडी.

हे सगळं आपल्या सरकारला परकं आहे असं अजिबात नाही. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षांमध्ये आईवडिलांना आत घेऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवावं, यासाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात हे करून पाहिलं गेलं होतं. हात कसे धुवायचे, दूध कसं पाजायचं, बाळाला उघड्या छातीशी कसं धरायचं, धोक्याची लक्षणं कोणती, हे पालक तिथे सिस्टरच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करून शिकतात. बाळ घरी गेल्यावरही वाऱ्यावर सोडलेलं नसतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने जायचं, असं ठरलेलं आहे. सरकारी दवाखान्यातून बाळंतिणीला घरी सोडायला मोफत गाडी २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. दीड किलोच्या बाळाची जबाबदारी आईवर सोपवण्याआधी तिला शिकवावं लागतं हे ज्या व्यवस्थेला कळलं, तिने सत्तर किलोच्या लुळ्या माणसाची जबाबदारी त्याच्या म्हाताऱ्या बायकोवर एका कागदानिशी टाकावी, हे मला पटत नाही.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. भारतातच, १४ रुग्णालयांत मिळून लकव्याच्या १२५० पेशंटांवर 'अटेंड' नावाची मोठी चाचणी झाली. घरच्या माणसाला व्यायाम शिकवायचे आणि ते त्याने घरी करून घ्यायचे, याने फरक पडतो का, हे तपासायचं होतं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनंतर दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या पेशंटांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, ४७ टक्के. माझ्या व्यवसायातल्या अनेकांना हा निकाल कडू लागला. काहींनी त्यावरून 'नातेवाइकांना शिकवून काही होत नाही' असा अर्थ काढला.

मी तो तसा वाचत नाही. लकव्यानंतर मेंदूला आणि स्नायूंना पुन्हा कामाला लावणं हे शिकून, सराव करून करायचं काम आहे. ते सुनेच्या गळ्यात घालून फिजिओथेरपिस्टचा खर्च वाचवता येईल, ही आशा त्या निकालाने संपवली आणि ते बरंच झालं. पण खांदा ओढू नये, नळीनंतर आडवं करू नये, माकडहाडावरची लाली दिसताच त्या बाजूला झोपवणं बंद करावं, हे सांगणं म्हणजे तिला फिजिओथेरपिस्ट बनवणं नव्हे. पेशंटला इजा होऊ नये आणि तिची स्वतःची कंबर मोडू नये, इतकं तिला मिळायलाच हवं. व्यायामासाठी मात्र शिकलेला माणूस घरी जायलाच हवा. आयुष्मान भारत योजनेच्या पॅकेजमध्ये सुट्टीनंतरच्या १५ दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या धरलेल्या आहेत. त्या १५ दिवसांत फिजिओथेरपिस्टच्या दोन घरभेटीही धराव्यात, ही माझी मागणी आहे. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं आणि तिथे पंचायतींच्या मदतीने सिस्टर अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाऊ लागल्या. आपल्याकडे दूरच्या वाडीवर आशाताई पोचते, मग हे का जमू नये?

'आम्हाला श्वास घ्यायला वेळ नाही आणि तुम्ही शिकवायचं म्हणता' असं सिस्टर म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नाहीत. सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच पेशंटांमागे एक परिचारिका हवी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं. रात्रपाळीला सबंध वॉर्ड एकटीने सांभाळणारी सिस्टर मी कितीदा पाहिली आहे. सिस्टरांची भरती झालीच पाहिजे आणि त्यासाठी त्यांच्या मागे मी उभी आहे. तरी एक सुचवते. नळीतून देणं, कूस बदलणं, पिशवी ओतणं ही कामं सिस्टर, मावशी किंवा वॉर्डबॉय रोजच करतात आणि नातेवाईक शेजारी उभा राहून बघत असतो. पहिले दोन दिवस त्याने बघावं, तिसऱ्या दिवसापासून त्याने करावं आणि सिस्टरने बघावं. यात वेगळा वर्ग भरवावा लागत नाही. 'कळलं का?' असं विचारू नये, कारण त्याला सगळेच 'हो' म्हणतात. 'आता तुम्ही करून दाखवा' म्हणावं. घरी गेल्यावर कशाला घाबरायचं आणि रात्री फोन कुणाला करायचा, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं.

एक प्रश्न विचारायला सगळेच कचरतात. तुम्हाला जमेल का? अथणीकडच्या एका आजींना पतीचं सगळं करायचं होतं आणि त्यांच्या स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. त्यांनी 'नाही जमणार' म्हटलं असतं तर लोक काय म्हणाले असते? आपल्याकडे बायकोला, सुनेला, लेकीला नाही म्हणायची मुभाच नाही. म्हणून हा प्रश्न दवाखान्याने विचारावा, आणि सगळ्या गोतावळ्यादेखत न विचारता बाजूला घेऊन विचारावा. उत्तर 'नाही' आलं तर चार दिवस जास्त ठेवता येईल का, आठवड्यातून तीनदा येणारी आया मिळेल का, दुसरा मुलगा रात्री येईल का, यावर बोलता येतं. आजींच्या बाबतीत शेवटी धाकटा दीर रात्री येऊ लागला. तेवढ्यावर निभावलं. पण हे ठरलं त्या स्वतः एकदा पतीला उचलताना पडल्यावर.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याने २०१४ मध्ये यासाठी कायदा केला आणि पुढे ४० हून अधिक राज्यांनी तो उचलला. घरी काळजी घेणाऱ्याचं नाव दवाखान्याने नोंदवायचं, सुट्टी द्यायच्या आधी त्याला कळवायचं आणि घरी करायची कामं त्याला दाखवायची, असा तो कायदा आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये नर्सिंग होम नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद आणली. तिच्यात ही तीन कलमं घालायला फार मोठी लेखणी लागणार नाही. तोवर वाचकांनी एवढं करावं. घरात कुणी भरती असेल तर पुढे जी व्यक्ती करणार आहे तिला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वॉर्डात थांबवावं, आणि तिने सिस्टरला सरळ म्हणावं, 'हे उद्यापासून मला करू द्या, तुम्ही बघा.' सुट्टी कधी, हे आदल्या दिवशी विचारावं. समरीचं इंग्रजी मराठीत लिहून मागावं.

आणि आमच्या भागातल्या मेट्रन, मेडिकल सुपरिंटेंडंट यांना एक विनंती. केसपेपरवर त्या सहीच्या नावाखाली आणखी एक ओळ आखा : घरी काळजी घेणार कोण. ते नाव भरलेल्या बायकांना आणि पुरुषांना आठवड्यातून एक दुपार वॉर्डात एकत्र बसवा. उचलायचं कसं, वळवायचं कसं हे दाखवायला मी येईन. फी घेणार नाही. कानडी बोलणारी एक सहकारीही सोबत आणेन.