मरून की गडद निळा?

माझ्या पुतणीची अभ्यासाची खोली यंदा रंगवायची आहे. गडद रंगच हवा, असा तिचा हट्ट. दुकानातून आणलेल्या रंगपत्रिकेवर दोन चौकोनांना खुणा करून तिने विचारले, "काका, मरून की गडद निळा?" मी म्हणालो, "किती वाजता?" काकांना प्रश्नच कळला नाही, असे तिला वाटले.

पण विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न वेळेचाच आहे. भर दुपारी दोन्ही रंग छान खुलतात. तिन्हीसांजेला मात्र दिवा न लावता बसून पाहा. मरून आधी काळवंडतो. निळा त्यामानाने उजळ वाटतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हा प्रकार फुलांच्या बाबतीत पाहिला आणि १८२५ साली प्रसिद्ध केला. कारण आपल्या डोळ्यांतच आहे. उजेडात शंक्वाकार पेशी काम करतात, अंधुक प्रकाशात दंडाकार पेशी. आणि या दुसऱ्या पेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही.

मग निळा जिंकला? थांबा, दिवा लावा. पिवळसर दिव्याच्या प्रकाशात तांबडा भाग भरपूर, निळा थोडा. भिंतीने निळा प्रकाश परत पाठवायचा, तर तो आधी तिच्यावर पडायला हवा ना! आता निळी भिंत काळपट दिसते आणि मरून उजळतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, टिकलीएवढ्या चौकोनावरून रंग ठरवणे मला म्हणूनच पटत नाही. दोन मोठे पुठ्ठे रंगवून खोलीतच टांगावेत आणि दिवसभर पाहावेत.

माझी खरी तक्रार मात्र चारही भिंती गडद करण्याविषयी आहे. समजा, खोलीचे छत, जमीन आणि भिंती पडलेल्या प्रकाशाचा ८० टक्के भाग परत पाठवतात. मूळचे १००, मग ८०, मग ६४, मग ५१... बेरीज करत गेलात तर ५०० पर्यंत पोचाल. हेच परावर्तन १० टक्के धरा. १११ वर गाडी अडते. पुतणीच्या खोलीला खिडकी एकच. पावसाळ्यात दुपारीसुद्धा दिवा लावावा लागेल, आणि विजेचे बिल माझा भाऊ भरणार!

एकच भिंत गडद करावी, तीही खिडकीसमोरची नव्हे, बाजूची. पुतणी रात्रीच वाचते आणि तिचा दिवा पिवळसर, म्हणून माझे मत मरूनला. ती म्हणते, "दिवाच बदलू की, काका!"