हैतीच्या स्वातंत्र्याचे सावकार

हैती हे ‘अपयशी राष्ट्र’ आहे, असा निर्वाळा पाश्चात्त्य राजधान्यांतून वारंवार दिला जातो. पोर्ट-ऑ-प्रिन्सचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांनी बळकावला. २०२४ या एका वर्षात साडेपाच हजारांहून अधिक माणसे मारली गेली. २०२५ साली घरदार सोडून परागंदा झालेल्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली आणि निम्म्याच्या आसपास जनतेला पुरेसे अन्न मिळेनासे झाले. हे सारे खरे आहे. खोटा आहे तो या वस्तुस्थितीला चिकटवलेला शब्द. अपयशाचा दोष लावावयाचा तर स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची मुभा आधी मिळालेली असावी लागते. हैतीला ती किती वर्षे मिळाली?

१७९१ च्या ऑगस्टमध्ये सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी बंड पुकारले. युरोपच्या साखरेचा आणि कॉफीचा मोठा वाटा त्यांच्या घामातून पिकत होता. नेपोलियनने धाडलेल्या फौजेचाही त्यांनी पाडाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. ज्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा फ्रान्सला एवढा अभिमान, तो काळ्या माणसालाही लागू आहे असे मानण्याचा अपराध त्यांच्या हातून घडला होता!

त्याची शिक्षा एकवीस वर्षांनी सुनावण्यात आली. १७ एप्रिल १८२५ रोजी दहाव्या चार्ल्स राजाने एक फर्मान काढले आणि जुलैमध्ये फ्रेंच युद्धनौका ते घेऊन हैतीच्या बंदरात दाखल झाल्या. हैतीने पाच हप्त्यांत पंधरा कोटी फ्रँक भरावेत, फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्यावी, म्हणजे फ्रान्स त्याचे स्वातंत्र्य मान्य करील. हे पैसे मिळावयाचे होते मळे गमावलेल्या मालकांना; आणि नुकसानीच्या हिशोबात मळ्यांवर राबणाऱ्या माणसांचीही किंमत धरलेली होती. ज्याच्या पाठीवर चाबकाचे वळ, त्यानेच चाबूक हातचा गेल्याबद्दल धन्याला भरपाई द्यावयाची! तोफांच्या छायेत अध्यक्ष बोयेर यांनी फर्मान मान्य केले. पहिला हप्ता तीन कोटींचा होता आणि तिजोरीत तेवढे पैसे नव्हते. तेव्हा पॅरिसच्याच पेढ्यांकडून तीन कोटींचे कर्ज काढण्यात आले. कसर कापून हाती पडले दोन कोटी चाळीस लाख. १८३८ मध्ये भरपाईची एकूण रक्कम नऊ कोटींवर उतरवली गेली, पण तोवर देश कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढण्याच्या चक्रात पुरता अडकला होता. पैसा उभा करावयाचा म्हणून बोयेर सरकारने १८२६ मध्ये ग्रामीण कायदा करून शेतमजुराला पुन्हा मळ्याशी जखडले. गुलामी गेली ती वेठीच्या रूपाने परतली.

महाराष्ट्रातील वाचकाला हा व्यवहार अनोळखी वाटण्याचे कारण नाही. खतावर एक रक्कम, हातात दुसरी, आणि व्याज मात्र खतावरच्या रकमेवर: दख्खनच्या कुणब्याला हा हिशोब तोंडपाठ होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे ओढून काढून त्यांची होळी केली. नेमक्या त्याच साली हैतीच्या सरकारने पॅरिसच्या एका बँकेकडून नवे कर्ज काढले आणि त्यातील सुमारे चाळीस टक्के रक्कम बँकवाल्यांनी परस्पर गिळली. सुप्याच्या कुणब्याच्या हाती निदान दप्तर तरी लागले. हैतीच्या शेतकऱ्याचे खत समुद्रापलीकडच्या तिजोरीत होते. १८८० मध्ये हैतीची ‘राष्ट्रीय बँक’ स्थापन झाली, तिचेही मुख्यालय पॅरिसलाच!

पुढे सावकार बदलला. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकन नौसैनिकांनी या राष्ट्रीय बँकेतील पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले. पुढल्या जुलैत फौज उतरली ती एकोणीस वर्षांनी हलली. परकीयांच्या हाती जमीन जाऊ न देणारे घटनेतील जुने बंधन १९१८ मध्ये काढून टाकण्यात आले. शेतकऱ्यांना रस्त्यांच्या कामावर वेठीस धरण्यात आले. त्याविरुद्ध उठलेल्या शार्लमान्य पेराल्त याला १९१९ मध्ये ठार करून, त्याचे प्रेत फळीला बांधून, त्याचे छायाचित्र दहशत बसावी म्हणून वाटण्यात आले. लोकांना मात्र त्यात क्रुसावरचा ख्रिस्त दिसला. फौज १९३४ मध्ये गेली, तरी तिजोरीवरील अमेरिकन देखरेख १९४७ पर्यंत उठली नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: हैतीच्या राज्यकर्त्यांनी तरी काय दिवे लावले? आक्षेप रास्त आहे आणि समाजवाद्यांनी तो टाळता कामा नये. दुव्हालिए पितापुत्रांनी १९५७ ते १९८६ अशी एकोणतीस वर्षे देश लुटला आणि हजारोंचे बळी घेतले. व्हेनेझुएलाने सवलतीने दिलेल्या तेलातून लोककल्याणासाठी उभा राहिलेला सुमारे दोनशे कोटी डॉलरचा निधी कोठे मुरला, हे विचारण्यासाठी २०१८ मध्ये जनतेला रस्त्यावर उतरावे लागले. आजच्या टोळ्याही दारिद्र्यातून आपोआप उगवलेल्या नाहीत. मते गोळा करण्यासाठी आणि वस्त्या धाकात ठेवण्यासाठी पुढाऱ्यांनी व धनिक व्यापाऱ्यांनीच त्या पोसल्या. परंतु हा वर्ग उभा आहे कोणाच्या आधारावर? क्यूबाचा बागुलबुवा दाखवणाऱ्या दुव्हालिएंना वॉशिंग्टनने सांभाळले. जनतेने हाकलल्यावर धाकट्याला अमेरिकन विमानाने फ्रान्सला पोहोचवले. हैतीत बंदुकांचे कारखाने नाहीत. टोळ्यांच्या हातातील शस्त्रे येतात ती प्रामुख्याने अमेरिकेतून, त्यातही फ्लोरिडातून. देशी दलाल आणि परदेशी धनी यांना वेगळे काढून केलेला हिशोब अर्धाच राहतो.

मदतीचीही कथा निराळी नाही. १९९५ मध्ये तांदळावरील आयात जकात ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणावयास भाग पाडण्यात आले. अमेरिकन सरकारी अनुदानावर पोसलेला तांदूळ हैतीच्या बाजारात ओतला गेला आणि आर्तिबोनीत खोऱ्यातील भातशेतकरी बुडाला. या धोरणाचा लाभ आपल्या आर्कान्सॉमधील शेतकऱ्यांना झाला, पण ती चूक होती, अशी कबुली बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये दिली. कबुलीने शेते परत पिकत नाहीत. त्याच वर्षीच्या भूकंपानंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका तळावरील मैला आर्तिबोनीतच्या उपनदीत मिसळला आणि पटकीने सुमारे दहा हजार माणसे दगावली. संयुक्त राष्ट्रांना माफी मागावयास २०१६ उजाडले. पीडितांसाठी जाहीर केलेल्या चाळीस कोटी डॉलरपैकी अगदी थोडाच हिस्सा जमला.

खंडणीची रक्कम परत मागण्याचे धाडस एका अध्यक्षाने केले होते. २००३ मध्ये आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे २,१०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची मागणी केली. २९ फेब्रुवारी २००४ रोजी, बंडखोर राजधानीच्या वेशीवर असताना, अमेरिकन विमानातून त्यांना देशाबाहेर नेण्यात आले. आपले अपहरण झाले असे ते म्हणाले, अमेरिकेने ते नाकारले. त्यांच्या जागी आलेल्या हंगामी सरकारने मात्र ती मागणीच सोडून दिली. फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, १७ एप्रिल २०२५ रोजी, अध्यक्ष माक्राँ यांनी इतिहासकारांची संयुक्त समिती जाहीर केली. परतफेडीचा शब्द काढला नाही. फौजेला मात्र समितीची वाट पाहावी लागली नाही. केनियाच्या नेतृत्वाखालील अपुरे पोलीस दल निष्प्रभ ठरल्यावर ३० सप्टेंबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने साडेपाच हजारांच्या नव्या दलाला मंजुरी दिली.

कॅरिबियन राष्ट्रांच्या कॅरिकॉम या संघटनेने २०१३ पासून नुकसानभरपाईचा प्रश्न हाती घेतला आहे. संपत्तीच्या लुटीचा ताळेबंद मांडणाऱ्या दादाभाई नौरोजींच्या देशाने संयुक्त राष्ट्रांत कॅरिकॉमच्या बाजूने निःसंदिग्धपणे उभे राहावे, ही मागणी येथील समाजवादी चळवळीने लावून धरली पाहिजे. आणि हैतीत आणखी सैनिक उतरवण्यापूर्वी फ्लोरिडाच्या बंदरांतून निघणाऱ्या पेट्या उघडून तपासाव्यात, ही दुसरी.