पक्षाघात आणि चालवणारे यंत्र

पक्षाघाताचा, म्हणजेच लकव्याचा, रुग्ण दवाखान्यातून घरी आला की आठ-पंधरा दिवसांत नातेवाईक मला हमखास विचारतात, "डॉक्टर, ते रोबोटचे मशीन लावले तर बाबा चालतील का?" मोबाइलवर कुणीतरी चित्रफीत पाठवलेली असते. एखादा मुलगा द्राक्षाचे पैसे हाती आले की खर्च करायची तयारीही दाखवतो. म्हणून या विषयावर माझे मत स्पष्टपणे मांडतो.

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. रुग्णाला कमरेला आणि छातीला पट्टे बांधून वरून तोलून धरतात. त्याचे पाय यांत्रिक सांध्यांत बसवतात. खाली ट्रेडमिल फिरते आणि यंत्र पाय उचलून पुढे टाकते. स्वित्झर्लंडचे लोकोमॅट हे यातले प्रसिद्ध यंत्र. गटार साफ करणारा 'बँडिकूट' बनवणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्स कंपनीनेही 'जी-गेटर' नावाचे असे यंत्र तयार केले आहे. 2023 साली ते तिरुवनंतपुरमच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये सुरू झाले.

याचा उपयोग का होतो? मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. शिल्लक राहिलेला भाग त्याचे काम शिकतो, आणि शिकणे घोकण्याने होते. अमेरिका व कॅनडातील उपचारांच्या 2009 सालच्या एका पाहणीत चालण्याच्या सरावाच्या एका बैठकीत रुग्णाची सरासरी फक्त 357 पावले पडत होती. यंत्रावर त्याहून कितीतरी जास्त पडू शकतात, आणि रुग्णाला उचलून धरणाऱ्यांच्या पाठीही वाचतात.

पण यंत्र सर्वांसाठी नाही. 2020 साली 62 चाचण्यांतील 2440 रुग्णांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. नेहमीच्या फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र वापरले, तर साधारण आठ रुग्णांमागे एक जण जास्त स्वतंत्रपणे चालू लागतो, असे त्यात दिसले. मात्र हा फायदा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत आणि अजिबात चालता न येणाऱ्या रुग्णांना होतो. फिजिओथेरपीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे, हे पुन्हा सांगतो. अमेरिकेत 408 रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या एका चाचणीचा निष्कर्ष 2011 साली आला. पट्ट्याने तोलून ट्रेडमिलवर चालवणे हे घरी फिजिओथेरपिस्टने येऊन करून घेतलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाही. वर्षाअखेर तिन्ही गटांतील मिळून निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण आधीपेक्षा चांगले चालत होते.

तेव्हा काठी घेऊन चालू लागलेल्या रुग्णासाठी, दोन वर्षांनंतर, जमीन गहाण ठेवून मुंबई-पुण्याला यंत्रासाठी जाऊ नये, असे माझे मत आहे.

मग नाशिकला यंत्र नकोच का? हवे, पण सार्वजनिक रुग्णालयात, आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी राखून. 1998 साली स्थापन झालेले राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. राज्यातील फिजिओथेरपीची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. विद्यापीठ आणि जिल्हा रुग्णालय यांनी मनावर घेतले तर हे अशक्य नाही. मात्र त्याआधी सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या रुग्णाला त्याच्या तालुक्यातच रोज फिजिओथेरपिस्ट भेटला पाहिजे. सुरगाण्याहून लकव्याचा माणूस एसटीने रोज नाशिकला येईल कसा? फिजिओथेरपिस्टविना यंत्र आणले, तर ते उद्घाटनाच्या फोटोपुरतेच उरेल.

अंगावर बांधायच्या साधनांबद्दलही लोक विचारतात. पाऊल लोंबत असेल तर गुडघ्याखाली बांधून शिरेला सौम्य विजेचा झटका देणारा पट्टा मिळतो. पण 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 197 रुग्णांच्या चाचणीत त्याने आणि साध्या स्प्लिंटने चालण्याचा वेग सारखाच सुधारला. स्प्लिंट कितीतरी स्वस्त पडतो. पावले मोजणारे घड्याळ संथ, पाय ओढत चालणाऱ्याची पावले मनगटावर कमी मोजते. चांगल्या पायाच्या घोट्याला बांधले तर मोजणी बरी येते. काल दोनशे पावले झाली, आज दोनशे वीस, हे वहीत लिहून ठेवा. रुग्णाला त्याने हुरूप येतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. झटका आल्यावर तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडी वळणे दिसताच वेळ न घालवता रुग्णालय गाठा. प्रकृती स्थिर झाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टला बोलवा. कबुतराचे रक्त चोळण्यात किंवा "आराम करू द्या" म्हणत खाटेवर निजवून ठेवण्यात ते तीन मोलाचे महिने घालवू नका. यंत्र उद्या मिळेल न मिळेल, ते महिने मात्र परत येत नाहीत.