सर्वोत्कृष्ट गेम, आणि फोन दादाकडे

कर्नाळ्याच्या पायथ्याला, गोवा हायवेपासून जरा आत, एका वाडीत आम्ही चौघीजणी रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. वर्ग म्हणजे काय, समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी टाकायची नि बसायचं. डिसेंबर २०२५ मधल्या एका रविवारी पोचले तर सतरंजी तशीच गुंडाळलेली. नववी-दहावीतली सात-आठ मुलं घोळका करून तावातावाने भांडत होती. मला वाटलं, क्रिकेट असणार. कान दिला तर वाद भलताच! यंदाचा सगळ्यात भारी व्हिडिओ गेम कोणता?

झालं होतं असं, की त्याच आठवड्यात अमेरिकेत लॉस एंजेलिसला ‘द गेम अवॉर्ड्स’चा सोहळा पार पडला होता. सिनेमाला जसं ऑस्कर, तसं गेमवाल्यांचं हे, २०१४ पासून चालू असलेलं. त्यात ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३’ नावाच्या फ्रेंच गेमला वर्षातल्या सर्वोत्कृष्टचा मान मिळाला. एका पोराने मला त्याची गोष्ट सांगितली. एक चित्रकर्ती असते. ती दरवर्षी एका प्रचंड दगडावर एक आकडा रंगवते, आणि त्या वयाची सगळी माणसं धूर होऊन नाहीशी होतात. दरवर्षी आकडा एकाने कमी. आता तेहतिसाची पाळी. म्हटलं, अरे, या हिशेबाने तुमची काकू केव्हाच पुसली गेली असती! पोरं खो खो हसली, पण भांडण काही थांबेना. अर्ध्यांचं म्हणणं, मान ‘सिल्कसाँग’लाच मिळायला हवा होता. परीक्षकांनी अन्याय केला.

परीक्षक म्हणजे जगभरच्या नियतकालिकांतले वगैरे लोक. त्यांच्या मताला नव्वद टक्के वजन, जनतेच्या मताला दहा. आपल्या नवरात्रातल्या रांगोळी स्पर्धेसारखंच की हो! मी सहज विचारलं, “तुमच्यापैकी खेळलंय कोण हे गेम?” सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, “खेळलो नाय काकू, पण यूट्यूबवर पूर्ण बघितलाय.” बरोबरच आहे. या गेमना महागातला कॉम्प्युटर नाहीतर टीव्हीला जोडायचं ते यंत्र लागतं. वाडीतल्या फोनवर चालतो तो बीजीएमआय. त्याचीही गंमतच. २०२१ मध्ये गूगल प्लेने भारतातला सर्वोत्कृष्ट गेम म्हणून त्याला निवडलं, जुलै २०२२ मध्ये सरकारच्या आदेशाने तो बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. सर्वोत्कृष्टपणाचं एवढं आयुष्य!

असो. सांगायचं होतं ते पुढे आहे. ओट्याच्या कडेला आठवीतली एक मुलगी वहीला कव्हर घालत बसली होती. मी म्हटलं, “तुझं काय मत गं?” पोरं हसली. “तिला काय माहीत? ती कुठे खेळते?” ती मान वर न करताच म्हणाली, “फोन दादाकडे असतो.” आणि मग हळूच, “पण मी मागे उभी राहून बघते. मला ती सुईवाली आवडली.”

सुईवाली म्हणजे ‘सिल्कसाँग’ची नायिका. हॉर्नेट तिचं नाव. तलवार नाही, बंदूक नाही, हातात एक लांब सुई आणि रेशमाचा धागा. सुईने लढते, रेशमाने स्वतःच्याच जखमा भरून काढते. हे सगळं त्या मुलीने मला सांगितलं. कुठल्या शत्रूसमोर कशी उडी घ्यायची, दादा नेमका कुठे चुकायचा (दादाने ती कुठूनशी मित्राकडे खेळून पाहिली होती, हीही सोबत गेली होती), सगळं तोंडपाठ. दादा तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही.

मैत्रिणींनो, मला त्या क्षणी माझंच घर आठवलं. २०२० च्या टाळेबंदीत घरात ऑनलाइन शाळेसाठी एकच जादा फोन होता. तो धाकट्या लेकाकडे गेला. का, हे मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही. तो तासभर गेम खेळला की मी म्हणायचे, बिचारा घरात कोंडलाय, खेळू दे. मोठ्या लेकीने अर्धा तास फोन धरला की म्हणायचे, पुरे झाला टाइमपास, जरा कणीक मळ. मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतलेली बाई, महिला दिनाला भाषणं करणारी! त्या रात्री लेकीला फोन करून हे सांगितलं, तर ती नुसती हसली. म्हणाली, “आई, तुला आत्ता कळलं?”

तिनेच मग मला ‘राजी’बद्दल सांगितलं. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आपल्या पुण्याचा, नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. २०२० मध्ये आला. त्याच वर्षी त्याच सोहळ्यात पदार्पणातल्या उत्तम गेमच्या नामांकनात होता. बक्षीस नाही मिळालं, पण पुण्याहून तिथवर पोचणं थोडं नाही. राजी ही सर्कशीतली मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघते. चित्रं पहाडी शैलीतली, मधल्या गोष्टी बाहुल्यांच्या सावल्यांसारख्या. संस्थापकांपैकी श्रुती घोष कलादिग्दर्शक. म्हणजे बाईने रेखाटलेली बहीण भावासाठी लढते, आणि आमच्या वाडीत खेळायची वेळ आली की बहीण मागे उभी राहून बघते.

पुढच्या रविवारी मी जाहीर केलं : अभ्यास झाला की माझा फोन ओट्यावर. वीस-वीस मिनिटं, चिठ्ठ्या टाकून, आणि पहिल्या चार चिठ्ठ्या मुलींच्या. पोरांनी कुरकुर केली, ती मी मोजलीच नाही. पण संध्याकाळी एकीची आई आली. “ताई, पोरांचं डोकं फिरलंय ते पुरे नाही का? आता पोरींनाही नाद लावता?”

तिला मी उडवून लावू शकत नाही. तिच्या नवऱ्याने बचत गटातून शेळ्यांसाठी उचललेलं कर्ज फोनवरच्या रमीत घालवलं होतं. तिच्या लेखी ‘गेम’ म्हणजे तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला. ई-स्पोर्ट्स आणि साध्या करमणुकीच्या खेळांना त्याने वेगळं ठेवलं. हा फरक मी तिला समजावला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कायदा आला, पण शेळ्या नाही आल्या.” तिच्या मुलीची चिठ्ठी मी काढून ठेवली. तिची परवानगी मिळेपर्यंत ठेवीन. जबरदस्तीने दिलेली वीस मिनिटं त्या पोरीला घरी महाग पडतील, हे मला कळतं. पण भावाला कुणी परवानगी विचारत नाही, हेही मी तिच्या आईला सांगून आले आहे.

आता मला कुणी मत विचारलंच, तर माझं मत २०२१ च्या विजेत्याला. ‘इट टेक्स टू’. भांडून वेगळं व्हायला निघालेले नवरा-बायको लेकीच्या अश्रूंनी चिमुकल्या बाहुल्या होतात. बायको इंजिनीअर, नवरा घर सांभाळणारा. आणि हा गेम एकट्याला खेळताच येत नाही. दोघांच्या हाती दोन कळी लागतात, एक थांबला तर दुसऱ्याचं पाऊल पुढे पडत नाही. लेक सुट्टीला आली तेव्हा भावाशेजारी बसून तिने तो खेळला. मीही थोडा वेळ हातात घेतला आणि तीनदा दरीत पडले.

वाडीतल्या त्या मुलीची चिठ्ठी पहिल्याच रविवारी निघाली. सुईवाली काही माझ्या फोनवर चालत नाही, त्यामुळे वाट्याला आला लुडो. वीस मिनिटांत तिने दादाच्या दोन सोंगट्या मारल्या. मग मी विचारलं, “आता सांग, सर्वोत्कृष्ट कोणता?”

“सुईवालीच,” ती म्हणाली, आणि फोन पुढच्या चिठ्ठीवालीकडे दिला.