थेंबांचा माग

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं बोरघाट चढताना पूर्वी एक दृश्य हटकून दिसायचं. कडेला एखादी फियाट नाहीतर अँबॅसडर उभी, बॉनेट उघडं, आतून भसाभस वाफ येतेय आणि कुणीतरी काका पाण्याचा डबा घेऊन धावताहेत! गाड्या बदलल्या, पण बॉनेटखालून धूर आणि खाली ठिबक-ठिबक हे प्रकरण अजून संपलेलं नाही. अशा वेळी चांगला मेकॅनिक लगेच पाना उचलत नाही. तो आधी बघतो, वास घेतो, मग विचार करतो. अगदी गुप्तहेरासारखा! त्याची तपासाची रीत आज आपण पाहू या.

त्याचा पहिला प्रश्न असतो : हा धूर आहे की वाफ? पांढरा ढग निघून हवेत झटकन विरला आणि गोडसर वास आला, तर ती वाफ. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, कुठूनतरी बाहेर येतंय. धूर निळसर असेल, रेंगाळत असेल आणि जळक्या तेलाचा वास असेल, तर इंजिन ऑइल तापलेल्या पाइपवर पडतंय. आणि जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास आला तर? मग एखादी वायर जळत असणार. तिथे आग लागायला वेळ लागत नाही.

दुसरा प्रश्न : थेंबाचा रंग कोणता? हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी असेल तर कूलंट. ते चवीला गोड पण विषारी असतं, म्हणून कुत्र्या-मांजरांना त्यापासून दूर ठेवायचं बरं का! तपकिरी किंवा काळं, बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. चाकाजवळ पिवळसर, तेलकट थेंब दिसले तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तशी गाडी जागची हलवायची नाही, कारण ऐन वेळी ब्रेकच लागला नाही तर? पेट्रोल मात्र त्याच्या वासावरूनच कळतं. तिथे काडी पेटवायची नाही, की गाडी सुरू करायची नाही.

खरी गंमत तिसऱ्या प्रश्नात आहे : गळतंय कुठून? थेंब जिथे पडतो, तिथेच गळती असते असं नाही. तेल वरून ओघळतं, धावत्या गाडीतल्या वाऱ्यानं मागे सरकतं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून मेकॅनिक इंजिन पुसून घेतो, थोडा वेळ चालवतो आणि ओली झालेली सगळ्यात वरची जागा शोधतो. पाण्याच्या पंपाला तर खाली मुद्दामच एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी त्यातून ठिबकू लागतं. म्हणजे पंप आपली तक्रार स्वतःच सांगतो!

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गाडी तापली की मोठ्या माणसांचा हात आधी रेडिएटरच्या झाकणाकडे जातो. तेव्हा तुम्ही मोठ्यानं 'थांबा!' म्हणायचं. का? घरचा कुकर आठवा. शिट्टी होत असताना आई झाकण उघडते का? दाब वाढला की पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळत नाही. दाब दुप्पट झाला तर पाणी उकळायला सुमारे १२० अंश लागतात. रेडिएटरचं झाकण असाच दाब धरून ठेवतं. ते उघडलं की दाब एकदम उतरतो, आणि इतका वेळ शांत असलेलं पाणी वाफ होऊन कारंज्यासारखं उसळतं. तोंड, हात क्षणात भाजून निघतात.

मग करायचं काय? गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, सगळ्यांनी उतरून रस्त्यापासून लांब उभं राहायचं. नुसती वाफ असेल तर इंजिन पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. धूर वाढत असेल किंवा ज्वाळा दिसल्या, तर बॉनेट उघडायचं नाही. आत हवा शिरली की आग भडकते. आणखी लांब जाऊन ११२ हा नंबर फिरवायचा.

आता तुमच्यासाठी एक काम. रात्री बाबांना सांगून उभ्या गाडीच्या पुढच्या भागाखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. स्वतः मात्र गाडीखाली शिरू नका. सकाळी बघा : डाग कुठे पडला, कोणत्या रंगाचा आहे? तो वहीत टिपून ठेवा आणि मेकॅनिककाकांना दाखवा. आणि हो, एसी लावून फिरून आल्यावर खाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी पडलेलं दिसलं, तर घाबरू नका. थंडगार पाण्याच्या पेल्याला बाहेरून जसे थेंब येतात ना, तसंच ते हवेतल्या बाष्पाचं पाणी. तिथे गाडीचं काहीच बिघडलेलं नसतं!