बातमी आमची, तारीख त्यांची

पेपरवाले खोटं लिहितात, अशी बोंब आपण टपरीवर चहा पिता पिता रोज मारतो. दोस्तहो, मला ही बोंब अर्धीच वाटते. खोटं पकडता येतं, पुरावा तोंडावर मारता येतो. पण एकही शब्द खोटा न लिहिता जे केलं जातं, त्याचं काय? बातमी कुठल्या दिवशी सुरू करायची हे प्रस्थापितांचे पेपर ठरवतात. खरी हातचलाखी तिथं आहे.

खैरलांजी घ्या. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे, चौघांना गावातल्या जमावानं ठार मारलं, प्रेतं कालव्यात फेकली. पेपरात काय आलं? चार ओळी, आणि त्यातही अनैतिक संबंधांची कुजबुज. जमिनीचा वाद, पोरीचं शिकणं, बौद्ध घरानं ताठ मानेनं राहणं, सगळं गायब. मुंबईच्या मोठ्या पेपरांना भंडारा गाठायला महिना लागला. तेही आपल्या कार्यकर्त्यांनी फोटो आणि सत्यशोधन अहवाल दारोदार फिरवले म्हणून. नोव्हेंबरात विदर्भ रस्त्यावर आला, तर राज्याच्या गृहमंत्र्यांना त्यात नक्षलवाद्यांचा हात दिसला. तो हात मात्र लगेच छापून आला.

मग ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे पेटले. कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली होती आणि खैरलांजी आधीच पोटात जळत होती. प्रवाशांना खाली उतरवून गाडी जाळली गेली. ही बातमी यायला महिना लागला नाही. रात्री टीव्हीवर, सकाळी पहिल्या पानावर. गाडी जाळणं बरोबर की चूक, यावर आपण आपसात जरूर भांडू. पण हिशेब बघा. पांढरपेशा वाचकाच्या लेखी खैरलांजीची गोष्ट सप्टेंबरात सुरूच होत नाही. ती नोव्हेंबरात सुरू होते, आणि पहिल्या ओळीपासून आरोपी आपण असतो.

२००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. जी जात बातमीत आली नव्हती, ती निकालातही आली नाही.

घाटकोपरचं रमाबाई नगर आठवा. ११ जुलै १९९७. पुतळ्याला चपलांचा हार, लोक रस्त्यावर, राज्य राखीव पोलीस दलाचा गोळीबार, दहा माणसं मेली. पोलिसांनी सांगितलं, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. ही गोष्ट पसरायला कुठला पुरावा लागला नाही. गुंडेवार आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला, २००९ साली गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला जन्मठेप झाली. तोवर तो टँकर लोकांच्या डोक्यात बारा वर्षं उभा होता.

शब्दसुद्धा बघा. १९७८ साली नामांतरावरून मराठवाड्यात आपल्या वस्त्या एकतर्फी जळाल्या. तिचं नाव काय? दंगल. गावानं बहिष्कार टाकला की 'दोन गटांत तणाव'. पोराला झाडाला बांधून मारलं की 'पूर्ववैमनस्य'. मारणारा आणि मार खाणारा एकाच तराजूत घालायचा आणि वर म्हणायचं, आम्ही तटस्थ.

हे असं का? बातमी निवडणाऱ्या खुर्च्या बघा. खैरलांजीच्याच साली, २००६ मध्ये, दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांमधल्या ३१५ निर्णय घेणाऱ्यांची पाहणी झाली. दलित किंवा आदिवासी किती? एकही नाही. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीनं पुन्हा मोजलं. वरच्या १२१ जागांपैकी १०६ सवर्णांकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. तेरा वर्षांत शून्याला शून्यच राहिलं. त्या खुर्चीवरच्या माणसाला आपला मुडदा दिसत नाही. त्याची रोजची गाडी अडली की आपण दिसतो.

हे दुखणं जुनं आहे. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा 'केसरी'नं पैसे देऊनसुद्धा त्याची जाहिरात छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. बाबासाहेब रडत बसले नाहीत. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत', एक बंद पडला की दुसरा काढला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. खुर्च्या मागायच्या, भांडून मागायच्या. पण तोवर हात बांधून बसायचं नाही. तुमच्या खिशात मोबाईल आहे. आलेलं पुढं ढकलणं म्हणजे पत्रकारिता नव्हे. वस्तीत, गावात काही घडलं की त्याच दिवशी लिहा. तारीख, वेळ, जागा, पोलीस ठाणं, एफआयआरचा नंबर, अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लावलं की नाही. ऐकीव लिहू नका, बघितलेल्याला विचारून लिहा. एक चुकीचा आकडा गेला की ते आपलं सगळंच खोटं ठरवतील. लिहिलेलं आमच्याकडं पाठवा, बुद्धविहाराच्या फळ्यावर लावा.

पहिला दगड आपल्यावर पडतो, त्या दिवसाची तारीख आपणच टाकायची.

जय भीम!